सांगून उरलेले भाग

या पुस्तिकेत एक यादी आहे. 'चिमणराव-गुंड्याभाऊ' आणि 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या दोन मालिकांतले आम्हाला आवडलेले साडेतीस भाग, क्रमाने लावलेले. अर्ध्या भागाचा खुलासा पुढे येईल. यादी करणारे आम्ही सहा जण. चौघं महाडचे, दोघं पोलादपूरचे. सगळ्यांनी पन्नाशी ओलांडलेली, तिघं साठीच्याही पुढे. यादी वाचायला पाच मिनिटं पुरतात. ती करायला मात्र आम्हाला दोन पावसाळे लागले आणि मधे एका मैत्रीत सहा महिने बोलणं बंद होतं. त्यामुळे प्रस्तावना यादीपेक्षा लांब झाली आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल पानं उलटावीत.

महाडचं नाव घेतलं की लोकांना २० मार्च १९२७ आठवतो, चवदार तळं आठवतं, आणि ते आठवायलाच हवं. त्यामागोमाग रायगड. पोलादपूरचं नाव घेतलं तर उमरठ, तानाजी मालुसरे, कवींद्र परमानंदांची समाधी. अशा गावांत वाढलेल्या माणसाने टीव्हीवरच्या विनोदी मालिकांची क्रमवारी लावत बसावं, हे आमच्यातल्याच एका वहिनींना पटलं नव्हतं. पहिल्या बैठकीला चहा देऊन त्या म्हणाल्या, "इतिहासाच्या गावात बसून हे काय चाललंय तुमचं?" तिसऱ्या बैठकीत टिपऱ्यांच्या एका भागाला अकरावा नंबर दिला म्हणून त्याच तावातावाने भांडल्या. सहापैकी एक त्या.

आता एक कबुली. यादीत चिमणरावांचे जे भाग आहेत, त्यातला एकही आमच्यापैकी कुणी त्या काळी पाहिलेला नाही. सगळे ऐकलेले आहेत.

हे कसं, ते नकाशा पाहिला की समजेल. मुंबईला दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यातही मुंबईचे कार्यक्रम दिसायला लागले. पण टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या. डोंगर आडवा आला की संपलं. महाड म्हणजे परातीच्या तळाशी वसवलेलं गाव. उत्तरेला रायगडाचे डोंगर, पूर्वेला महाबळेश्वर-प्रतापगडाची भिंत, आणि परातीच्या मधून सावित्री आणि गांधारी. मुंबई पावणेदोनशे किलोमीटर लांब. सह्याद्रीवरचं पाणी आमच्या गावात बिनचूक यायचं, लहरी मात्र वरच्या वर निघून जायच्या. १९८२ साली दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने रंग आला, उपग्रह आला, मग गावोगाव लहान प्रक्षेपक बसायला लागले. तोवर 'चिमणराव-गुंड्याभाऊ' संपून गेलं होतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ही मालिका मुंबई-पुण्याला हसवत होती तेव्हा आमच्याकडे संध्याकाळी रेडिओवर बातम्या आणि भजनं लागायची.

पण आमच्याकडे गिरणीतली माणसं होती. पोलादपूर तालुक्यात उतारावरच्या जमिनीत भात, नाचणी, वरी. त्यावर घर चालत नसे, म्हणून घरटी एक माणूस मुंबईला. माझे थोरले काका परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. लालबागला गाववाल्यांची एक खोली. पाळ्या वेगवेगळ्या म्हणून वीस-बावीस माणसांची वळकटी त्या एका खोलीत मावायची. चाळीत एका बिऱ्हाडात टीव्ही होता. घरात जागा घरच्यांना आणि लहान मुलांना. गाववाले गॅलरीत उभे राहून खिडकीच्या गजांतून बघायचे. काका उंच होते, त्यामुळे मागे उभे राहूनही त्यांना दिसायचं. दुसरी पाळी असली की तो आठवडा बुडायचा. तो भाग मग खोलीतल्या दुसऱ्या कुणाकडून ऐकून घ्यायचे.

काका वर्षातून दोनदा गावाला यायचे, शिमग्याला आणि गणपतीला. पडवीत घोंगडी टाकून भाग सांगायचे. सहा महिन्यांचा साठा असायचा. क्रम कसलाच नाही. जो आठवेल तो आधी. आम्ही मुलं, म्हातारी माणसं, शेजारची चार घरं. चिमणराव आम्हाला असा भेटला. म्हणून आमच्यात अजून 'शिमग्याचे भाग' आणि 'गणपतीचे भाग' अशी वाटणी आहे. ती मालिकेच्या मूळ क्रमाशी कुठेच जुळणार नाही.

यातली खरी गंमत मला फार उशिरा कळली. चिं. वि. जोशी (१८९२ ते १९६३) हे पाली भाषेचे गाढे अभ्यासक, बडोद्याला प्राध्यापक. त्यांनी 'चिमणरावांचे चऱ्हाट' लिहिलं त्यात सगळं सांगतो तो चिमणराव स्वतः. मी असं केलं, मी असं म्हणालो, मग गुंड्याभाऊने असं केलं. आपली फजिती झाली हे त्याला अर्धवटच कळलेलं असतं. उरलेली अर्धी वाचक ओळखतो आणि हसतो. सगळा विनोद त्या 'मी'च्या भाबड्या रुबाबात आहे. पडद्यावर हा 'मी' जातो. कॅमेरा बाहेर उभा राहतो आणि चिमणराव, त्याची बायको काऊ, गुंड्याभाऊ सगळे एका रांगेत दिसतात. मास्टर विनायकांनी 'लग्न पहावं करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) हे चित्रपट काढले, तेव्हा दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. तिथेही ही अडचण होतीच. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी ती चेहऱ्याने सोडवली. तेव्हा ते तिशीत होते. खांदे किंचित आत ओढलेले, बोलण्याआधी एक आवंढा, आणि चारचौघांत आपण शहाणे दिसतो आहोत याची पक्की खात्री. पुस्तकातला 'मी' त्यांनी डोळ्यांत आणून ठेवला. हे मी अलीकडे, जे काही तुकडे बघायला मिळतात त्यांवरून म्हणतो आहे.

काकांनी मात्र काय केलं? ते भाग सांगायला लागले की "चिमणराव म्हणतो" असं दोन वाक्यांपुरतं चालायचं. तिसऱ्या वाक्याला काका स्वतःच चिमणराव व्हायचे. "मी म्हटलं काऊला, की बाई गं." गॅलरीतून, गजांतून, दुसऱ्याच्या घरात पाहिलेली गोष्ट लालबागहून पोलादपूरला येईपर्यंत पुन्हा 'मी'ची झाली होती. चिं. वि. जोशींचं एकही पुस्तक काकांनी वाचलेलं नव्हतं. तरी ते गोष्ट परत तिच्या मूळ घरी नेऊन ठेवायचे. हे ज्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, त्या दिवशी या यादीची कसोटी ठरली: जो भाग सांगून उरतो, तो वर.

कसोटी सोपी वाटते, तशी नाही. पडणं, आपटणं, वेषांतर, एका खोलीतून निघून दुसऱ्या खोलीत चुकून शिरणं, यावर उभे असलेले भाग बघताना पोट दुखेपर्यंत हसवतात आणि सांगायला गेलं की हातात काही राहत नाही. उलट काही भागांत घडत काहीच नाही. एक माणूस एक साधी गोष्ट मागायला जातो आणि न मागता परत येतो. ते भाग सांगणाऱ्याच्या तोंडात फुगत जातात. आमच्या यादीत वरचे दहा जवळजवळ सगळे असे आहेत. आमच्यातले निवृत्त गुरुजी याला हरकत घेत राहिले. त्यांचं म्हणणं, टीव्ही ही बघायची गोष्ट आहे. सांगून उरतं ते लेखकाचं, नटाचं नव्हे. त्यांनी उदाहरण दिलं बाळ कर्व्यांचं. गुंड्याभाऊ नुसता येऊन दारात उभा राहिला, हातात सोटा, मिशा, आणि चिमणरावाकडे बघण्याची ती एक तऱ्हा, की पुढे वाक्य असो नसो. ते कसं सांगणार? मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नाही. बाळ कर्वे ऑगस्ट २०२५ मध्ये गेले तेव्हा गुरुजींनी मला फक्त एवढंच विचारलं, "आता सांगा बघू." म्हणून यादीच्या शेवटी चार भाग वेगळे ठेवले आहेत. त्यांना क्रमांक नाही आणि ते साडेतीसात धरलेले नाहीत. ते बघावेच लागतात.

बघायला मिळतील तर. त्या काळात टेप महाग होती. एकावर कार्यक्रम घ्यायचा, दाखवायचा, पुसायचा, पुन्हा त्यावरच दुसरा. जुन्या दूरदर्शनचा बराच खजिना असा पुसला गेला. हे आपल्याकडेच झालं असं नाही. इंग्लंडच्या बीबीसीने 'डॅड्स आर्मी' ही त्यांची लाडकी विनोदी मालिका अशीच पुसली. ऐंशी भागांतले तीन अजून सापडलेले नाहीत. तिकडे लोकांनी जुने भाग शोधायला घरांचे माळे धुंडाळले. आमच्याकडे माळ्यांची कथा वेगळी आहे.

दुसरी मालिका आली तेव्हा महाडला केबल आली होती. अल्फा मराठीवर २००१ साली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झालं, दिग्दर्शक केदार शिंदे. टिपऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या भूमिकेत पुन्हा प्रभावळकर. तोवर त्यांच्या 'हसवाफसवी'त एकट्याने सहा भूमिका करून झाल्या होत्या, तरी सत्तावन्न वर्षांच्या माणसाने म्हातारपण इतक्या अलगद अंगावर घ्यावं याचं आम्हाला नवल वाटायचं. राजन भिसे मुलगा शेखर, शुभांगी गोखले सून श्यामल, नातवंडं शिऱ्या आणि शलाका. आणि ही मालिकासुद्धा आली 'मी'मधूनच. प्रभावळकरांनी १९९४ साली 'लोकसत्ता'त 'अनुदिनी' नावाचं सदर लिहिलं. एकाच घरातली माणसं आपापली रोजनिशी लिहितात. एकच प्रसंग आबांना एक दिसतो, सुनेला दुसरा, नातवाला तिसराच. हे कळल्यावर मी गुरुजींना खूप चिडवलं. दोन्ही मालिका, दोन्हींत प्रभावळकर, आणि दोन्हींच्या मुळाशी कुणीतरी 'मी' म्हणून सांगत बसलेला. गुरुजी म्हणाले, योगायोग. असेल.

टिपऱ्यांच्या वेळी मात्र आमच्या घरात सांगणारा राहिला नव्हता. १८ जानेवारी १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, काका गावाला परत आले ते कायमचे. टिपरे सुरू झालं तेव्हा त्यांना ऐकू कमी येत होतं. मग उलटा प्रकार झाला. आम्ही भाग बघायचो आणि मी तो त्यांना मोठ्याने सांगायचो. मी फार वाईट सांगायचो. ते मधेच थांबवून विचारायचे, "पण सून काय म्हणाली?" मला आठवत नसायचं. सून काय म्हणाली यावरच तो भाग उभा आहे, हे त्यांना न बघता कळायचं.

मी भाग कॅसेटींवर घेऊन ठेवायचो. आठवड्याला एक. वर चिठ्ठी, तारीख. तीसेक कॅसेटी झाल्या असतील. लाईट गेली की अर्धा भाग कापला जायचा, आणि लाईट जायचीच. त्या कॅसेटी खालच्या कपाटात होत्या. २००५ च्या जुलैमध्ये, २५ आणि २६ तारखेला जे पाणी आलं, तेव्हा महाडच्या रीतीप्रमाणे आम्ही आधी तांदूळ वर नेले, मग कागदपत्रं, मग टीव्ही. महाडकराला ही क्रमवारी पाठ असते. तिच्यावर वाद होत नाहीत. कॅसेटी राहिल्या. त्या दिवसांत जुई, दासगाव, तिकडच्या वाड्यांवर डोंगर खाली आला आणि माणसं गेली. अशा वेळी भिजलेल्या फितीचं कुणाला सांगणार, आणि मी सांगितलंही नाही. चिखल काढताना एकेक कॅसेट फावड्याने बाहेर लोटली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच पाणी, तळियेला पुन्हा तोच डोंगर. त्या वेळी घरातला टीव्ही चपटा होता आणि भिंतीला स्क्रूने घट्ट बसवलेला. जुना डबा दोघांनी उचलून माळ्यावर न्यायची सोय होती, ती नव्या टीव्हीत उरली नव्हती. तोही गेला.

टिपऱ्यांचे भाग आज पुन्हा बघता येतात, ती गोष्ट वेगळी. पण आम्ही ठरवून क्रम लावताना एकही भाग पुन्हा पाहिला नाही. आठवेल तेवढाच धरायचा. यावर वहिनींचं म्हणणं योग्य होतं, की असं केलं तर पुरुषांना पुरुषांचे भाग आठवतात. आमच्या पहिल्या खर्ड्यात श्यामलचे भाग खाली होते, वहिनींच्या स्वतंत्र यादीत ते पहिल्या पाचांत. घरातल्या चार माणसांच्या चार वेळा सांभाळणाऱ्या बाईचा विनोद हा आम्हाला 'गप्प विनोद' वाटला होता. त्यांनी एक भाग आम्हाला सांगून दाखवला, श्यामलच्या बाजूने, 'मी' म्हणून. तो सोळाव्यावरून चौथ्यावर गेला. हे कसोटीच्या जोरावर झालं की वहिनींच्या धाकामुळे, हे वाचकांनी ठरवावं.

कुणी विचारेल, विनोदी मालिकांचीच क्रमवारी का? रोज रात्री चालणाऱ्या कौटुंबिक मालिकांची का नाही? त्यांचा भाग सुटा निघत नाही. कालचा उद्याला बांधलेला असतो. विनोदी मालिकेत माणसं आठवडाभर काहीही भोगू देत, पुढच्या आठवड्याला पुन्हा जिथल्या तिथे, जशीच्या तशी. चिमणराव काहीही शिकत नाही. शिकला तर मालिका संपेल. म्हणून भाग सुटे होतात, सुपात घोळता येतात, फोल वेगळं काढता येतं. 'ये जो है ज़िंदगी' १९८४ साली आली तेव्हा सतीश शाह दर भागात वेगळ्याच माणसाच्या रूपात यायचे. तिथे तर लोक भाग ओळखायचे ते "ज्यात सतीश शाह अमुक झाला होता तो" असंच. इंग्लंडची 'फॉल्टी टॉवर्स' अवघी बारा भागांची, सहा १९७५ ला, सहा १९७९ ला. बारा भागांचा क्रम लावणं म्हणजे घरातल्या मुलांत आवडतं कोण ते सांगण्यासारखं. आमचं बरं, आम्हाला निम्मे भाग माहीतच नाहीत.

आता पहिला नंबर.

काकांचा एक भाग होता, गणपतीत सांगितलेला. चिमणराव बायकामुलांना घेऊन महाबळेश्वरला गेला आहे आणि परत येताना आंबेनळी घाटाने एस.टी. धरून खाली पोलादपूरला उतरतो आहे. काऊ, मोरू, मैना, राघू, सगळं बिऱ्हाड. गुंड्याभाऊ ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, सोटा आडवा. वळणावर सोटा कंडक्टरच्या पोटाला लागतो. कंडक्टर म्हणतो, ही वस्तू जागा अडवते, हिचं तिकीट काढा. चिमणराव म्हणतो, "मी सरकारी कायद्याचा जाणकार, काठीचं तिकीट कुठे लिहिलंय दाखवा." कंडक्टर म्हणतो, मग अर्धं काढा, लहान मुलाचं. गुंड्याभाऊ चिडून सोट्याला मांडीवर घेतो, की आता हे मूल मांडीवर आहे, मांडीवरच्याला तिकीट लागत नाही. मग सोट्याचं वय किती, यावर दोन वळणं जातात. गाडी वाडीच्या थांब्यावर, म्हणजे आमच्याच थांब्यावर उभी राहते, आणि खाली उतरून न्यायनिवाडा करायला गावातला एक म्हातारा येतो. तो म्हातारा काका हुबेहूब आमच्या आजोबांच्या आवाजात करायचे. आजोबा पडवीतच बसलेले असायचे.

हा भाग आम्हा पोलादपूरच्या दोघांनी पहिल्या नंबराला धरला. गुरुजींनी चिं. वि. जोशींची मिळतील ती पुस्तकं काढली. सापडला नाही. मीही शोधला. आणि त्या काळात बरंचसं चित्रीकरण स्टुडिओतल्या तीन भिंतींत उरकायचं. आंबेनळी घाटात आमच्या वाडीच्या थांब्यावर कोण कॅमेरा घेऊन येणार? काकांनी तो रचला होता, हे मलाही केव्हाच उमगलं होतं. बहुतेक दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात, भाग बुडला म्हणून.

"नसलेल्या भागाला पहिला नंबर?" गुरुजी म्हणाले.

"नाही कशावरून? तुम्ही सगळे पाहिलेत?"

"तू तरी कुठे पाहिलास?"

इथे बोलणं बंद झालं, ते सहा महिने. शिमग्याला गुरुजी आपणहून घरी आले, वही मागून घेतली. आमच्या तक्त्यात प्रत्येक भागापुढे 'पाहिला' की 'ऐकला' असा रकाना आहे. पहिल्या ओळीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'ऐकला' लिहिलं, आणि एकूण संख्येच्या जागी मी लिहिलेले एकतीस खोडून साडेतीस केले. शेजारी कंस करून बारीक अक्षरात: सोट्याचं अर्धं तिकीट धरावे.